एलीयाची भाकर
(१ राजे १९:४-८)



कर्मेलावर जय मिळविलेला एलीया थोड्याच काळाने रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूताने त्यास बोल लाविला नाही, उपदेशही केला नाही. निजू दिले, भाकर व पाणी दिले. वाणी ऐकू आली ती पुढे, होरेबावर.

आमच्या विरारच्या बाजूस तरुण मंडळी पहाटेच्या लोकलने मुंबईस जातात व घरी वृद्ध एकटे जेवतात. पुष्कळदा जेवतच नाहीत. मन खचले की भूक मरते, अंग सुकते. बळ गेले की मन अधिकच खचते. दुसरीकडे, देह जड झालेल्यांचे गुडघे दुखतात, बाहेर पडणे थांबते व उपासनेतील त्यांची जागा रिकामी राहते. २०१७-१८ साली देशभर झालेल्या पाहणीत साठीपुढील चारांत एकाहून अधिक जण कृश, तर पाचांत सुमारे एक स्थूल आढळला.

उपदेशक बंधूंनी अशा घरी "विश्वास कमी पडला" असे म्हणू नये. (हे शब्द आमच्यांत फार स्वस्त झाले आहेत.) बांगड्या मनगटावरून का घसरतात, हे विचारावे. कारणावाचून वजन घटत असेल तर डॉक्टरांस दाखवावे. मधुमेह, क्षय वा थायरॉईड यांमुळेही तसे घडते. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर विनामूल्य फोन करावा. आणि प्रार्थनेपूर्वी त्यांच्यासह जेवावयास बसावे. आज दोनच घास गेले, तर उद्या पुन्हा जावे. देवदूतही दोनदा आला होता.