शांतिसेना : विलंबित गौरवाचा नैतिक प्रश्न

'शांतिसेना' या संज्ञेतच अंतर्विरोध आहे. युद्धकथनाला शत्रू लागतो, सीमा लागते, विजय लागतो. शांतिसैनिकाच्या वाट्याला यांपैकी काहीच निःसंदिग्धपणे येत नाही. परिणामी त्याचे शौर्य वाचण्याची संहिताच समाजापाशी नसते.

मुंबईत जन्मलेले, 8 महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 रोजी श्रीलंकेत दबा धरून झालेल्या हल्ल्यात, छातीत गोळी लागल्यावरही हल्लेखोराची रायफल हिसकावून लढत मरण पावले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळायला फार काळ लागला नाही. मग विलंब कशात झाला? शासनाने कृतीचा गौरव केला आणि ती जिच्यात घडली त्या मोहिमेविषयी मौन पाळले. मार्च 1990 मध्ये सैन्य परतले तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. (श्रीलंकेतील तमिळ नागरिकांनी सोसलेल्या यातना ध्यानात घेता ही भूमिका निव्वळ क्षुद्र म्हणता येणार नाही.) सुमारे बाराशे मृतांचे स्मारक आधी कोलंबोनजीक उभे राहिले, दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारक 2019 चे.

हेतूचे दायित्व नाकारून शौर्य स्वीकारता येते काय? नैतिक मूल्य परिणामात नसून संकल्पात असते, हे कांटचे प्रमेय येथे शासनाच्या सोयीचे ठरते. परमवीराला ते पुरते, कारण त्याची कृती स्वतंत्र कथा होऊ शकते. पदक नसलेल्या शिपायाला मात्र मोहिमेवेगळी कथाच नाही; तिच्याविषयीचे मौन त्याच्यापुरते संपूर्ण असते.