मास्तरांचे कुटुंब

दोनतीन पिढ्यांपूर्वीचे गृहस्थ आपल्या पत्नीविषयी बोलताना तिचे नाव घेत नसत. ‘आमचे कुटुंब’ एवढेच म्हणत. ‘कुटुंब माहेरी गेले आहे’ या वाक्याचा अर्थ घर ओस पडले असा नसे. आई, वडील, भावंडे, मुले सर्व जागच्या जागी असत. एकटी बायको गेलेली असे. या शब्दप्रयोगास पुढील पिढीने पुष्कळ हसून घेतले. परंतु परदेशी जाणाऱ्या शिक्षकांसाठी निरनिराळ्या राज्यांनी केलेले व्हिसाचे नियम वाचू लागले म्हणजे असे दिसून येते की, ‘कुटुंब’ या शब्दाचा हा संकोच त्या कायदेकारांस सर्वस्वी मान्य आहे. भेद इतकाच की, आमचे आजोबा तो संकोच बोलण्यापुरता करीत. पंगतीला करीत नसत.

इंदापूर तालुक्यातील एखादा पदार्थविज्ञानाचा शिक्षक वाचकांनी डोळ्यांपुढे आणावा. इंग्लंडात शास्त्र व गणित शिकविणाऱ्यांची वाण आहे. १ फेब्रुवारी २०२३ पासून भारत धरून आणखी नऊ देश-प्रदेशांतील शिक्षकांस तेथील अध्यापनाची पात्रता मिळविण्याचा मार्ग मोकळा करण्यात आला, तो त्याचसाठी. आमच्या या मास्तरांस नेमणूक मिळाली, तर पत्नी आणि अठरा वर्षांखालील मुले त्यांच्याबरोबर जाऊ शकतात. आई जाऊ शकत नाही. ती त्या परवान्याच्या व्याख्येतच बसत नाही.

पुढे काही वर्षांनी मास्तर तेथे कायमचे स्थायिक झाले, म्हणजे आईसाठी अर्ज करता येतो. परंतु जुलै २०१२ मध्ये केलेल्या नियमान्वये तिने आधी इतके परावलंबी व्हावे लागते की, वार्धक्याने अथवा दुखण्याने तिला नित्याची कामेही दुसऱ्याच्या हातावाचून करता येऊ नयेत. एवढ्यानेही भागत नाही. मुलाने पैसा पुरविला तरीसुद्धा तशी शुश्रूषा तिच्या स्वतःच्या देशात मिळणे शक्य नाही, हेही सिद्ध करावे लागते. या अटीवर क्षणभर थांबावेसे वाटते. जो मुलगा नियमाने पैसे धाडून इंदापुरास आईजवळ एखादी बाई ठेवतो, तो स्वतःच्या हाताने आपला अर्ज दुबळा करीत असतो. कर्तव्य जितके चोख, तितका हक्क उणा. हे कोडे कोणी हेतुपुरस्सर घातले असे नव्हे. पण ते घालताना कोणास अवघडल्यासारखे झाले असावे, असे नियमाच्या भाषेवरून दिसत नाही.

आखाती राज्यांचा विचार निराळा. संयुक्त अरब अमिरातीत २०१९ पासून पत्नी व मुलांसाठी दरमहा चार हजार दिरहम पगार, किंवा तीन हजार आणि राहावयास जागा, एवढे पुरेसे ठरले. आईवडिलांसाठी मात्र याहून पुष्कळ अधिक पगाराची अट. तेथे आई निषिद्ध नाही, महाग आहे.

हा कायदा आजकालचा आहे, असेही कोणी समजू नये. १९१७ साली अमेरिकेने हिंदुस्थानासह आशियाच्या फार मोठ्या भागातील लोकांस आपले दार लावून घेतले. त्या कायद्यात वकील, वैद्य, ग्रंथकार, विद्यार्थी इत्यादिकांबरोबर शिक्षकांचाही अपवाद केला होता, आणि त्यांच्यामागून त्यांच्या कायदेशीर पत्नीचा व सोळा वर्षांखालील मुलांचा. आज अमेरिकेत विनिमय-योजनेखाली जाणाऱ्या शिक्षकास पत्नी आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले नेता येतात. शंभर वर्षांत मुलांचे वय पाच वर्षांनी पुढे सरकले. आईवडिलांचा उल्लेख तेव्हाही नव्हता, आताही नाही.

त्याच कायद्याच्या पुढच्या वर्षी, १९१८ मध्ये, फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविणारे धर्मानंद कोसंबी हार्वर्डला पुन्हा गेले. बरोबर कन्या माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर होता, जो पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून कीर्ती पावला. पत्नी बाळाबाई धाकट्या मुलींसह मागे राहिल्या. कायद्याने तर पत्नीस वाट ठेवली होती! हे उदाहरण आम्ही कोसंबींस दोष देण्यासाठी काढलेले नाही. त्या घरातील कारणे त्या घरास ठाऊक. सांगावयाचे ते एवढेच की, कोण बरोबर येईल आणि कोण मागे राहील याचा निवाडा दूतावासाच्या खिडकीपाशी होण्यापूर्वी बहुधा घराच्या ओसरीवर झालेला असतो, आणि मग आपण खिडकीस बोल लावतो.

राज्याच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे नाही. जिने तेथे एक दिवस काम केले नाही, कर भरला नाही, तिच्या आजारपणाचा भार तेथील करदात्याने का सोसावा, हा प्रश्न निर्दय असला तरी अप्रामाणिक नाही. आपल्याकडे तरी काय आहे? २००७ साली आपल्या संसदेने आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. तो भार मुलांवरच टाकतो, आणि कर्तव्य रुपयांतच मोजतो. न्यायाधिकरणाने देववावयाच्या पोटगीची मर्यादा त्या कायद्यात दरमहा दहा हजार ठरविलेली होती. तेव्हा एका देशाचा कायदा मास्तरांस म्हणतो, ही म्हातारी तुझी आहे. दुसऱ्या देशाचा म्हणतो, तुझी असेल, पण तुझ्या कुटुंबातली नव्हे. दोहोंची एकवाक्यता व्हावयाची ती मनिऑर्डरीत, किंवा आता तिच्या जागी आलेल्या बँकेच्या आकड्यात.

तथापि या नियमांत आम्हास खरा दोष दिसतो तो निराळाच. ते माणसाचे कुटुंब पाहत नाहीत. कामगाराला कामावर टिकण्यास काय काय लागते, ते पाहतात. पत्नी नसली तर तो उदास होऊन परत येईल. मुले नसली तर तिचे मन लागणार नाही. आई मागे राहिल्याने शिकविण्यात खंड पडत नाही. म्हणून ती व्याख्येबाहेर.

पण ही दृष्टी गोऱ्यांची किंवा अरबांची, असे म्हणण्याचा अधिकार निदान बारामती-इंदापूरकरांस नाही. बाबूजी नाइकांच्या काळी पन्हाळगडाकडील रामजीपंत चाकरीनिमित्त बारामतीस आले आणि त्यांच्यामागून सारे बिऱ्हाड आले. त्या बिऱ्हाडातच मोरोपंत होते. चाकरी एकाची, आसरा सर्वांना, अशी ती रीत. ती आता कोठे आहे? नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांचे गळीत सुरू झाले म्हणजे बीडकडील तोडणी कामगार दर हंगामास येतात. त्यांस व्हिसा कोणी विचारीत नाही, पण मोजदाद आहेच. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. म्हातारी माणसे कोयत्यात धरीत नाहीत. ती गावी राहतात, शाळेत जाणारी नातवंडे असली तर त्यांना सांभाळतात. फडाशेजारच्या कोपीत आजीने राहू नये असा कायदा कोणी केलेला नाही. तो करण्याची वेळच आली नाही. मास्तरांच्या आईच्या वाट्याचे दोन एकर ऊस तोडण्यास जी जोडी येते, तिच्याही मागे अशीच एक म्हातारी उंबऱ्यावर बसलेली असते. उसाच्या धन्याने आजवर तिची चौकशी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आम्हीही केली नव्हती. हा लेख लिहावयास बसेपर्यंत ती आठवलीसुद्धा नाही.

मग मास्तरांनी जावे की न जावे? घरावरचे कर्ज, मुलांचे शिक्षण, पत्नीचीही काही उमेद, ही कारणे खोटी नाहीत, आणि वृद्ध आईसाठी सर्वांनी गावीच राहावे असा उपदेश करणे दुसऱ्याच्या जिवावर सोपे आहे. परंतु ‘नियमच तसा आहे, माझा नाइलाज’ हे वाक्य त्यांनी उच्चारू नये. नियम त्यांनी नेमणुकीचा करार करण्यापूर्वीच वाचलेला असतो. तो त्याच वेळी आईस मराठीत वाचून दाखविता आला असता. बहुतेक घरी तो वाचला जातो तो तिकिटे निघाल्यावर. आणि ‘जा बाबा’ हे तिचे शब्द तिच्या संमतीचे म्हणून धरले जातात, जेव्हा नाही म्हणण्याची जागा शिल्लक राहिलेली नसते.

फार तर तिला भेटीचा व्हिसा मिळतो. सहा महिने राहता येते. त्या अर्जात मुक्काम किती दिवस, खर्च कोण करणार, परत कधी जाणार, अशी सर्व माहिती भरावी लागते. आणि ती भरून देताना मुलगा आपल्या घरी येणाऱ्या आईचे नाव पाहुणी म्हणून लिहितो.