दोघांचा पक्ष

लग्नाच्या मांडवात नव्या जोडप्याला उपदेशांचा तोटा नसतो. एकमेकांना सांभाळा, एकमेकांचं ऐका, भांडण शिळं होऊ देऊ नका. सगळे उपदेश योग्यच, पण ते दोघांपुरते. ही दोघं मिळून तिसऱ्या माणसाशी कशी वागतील, हा प्रश्न अक्षता टाकणाऱ्या एवढ्या माणसांतून एकालाही पडत नाही. एकटा माणूस परक्याशी वागताना थोडा बिचकतो. शेजारी हक्काचं माणूस आलं की त्याला बळ येतं, आणि ते बळ कुणावर चालवायचं हे पहिल्या काही आठवड्यांतच ठरून जातं.

माझी भाची आणि तिचा नवरा मधुचंद्राला दक्षिण अमेरिकेत गेले. मधुचंद्र म्हणजे माथेरान किंवा महाबळेश्वर, फार तर कुलू-मनाली, हा हिशेब आता राहिला नाही. पण हॉटेलचं पॅकेज न घेता पाठीवर एकेक सॅक टाकून अनोळखी खंडात उतरायचं म्हटल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांना काळजी वाटलीच. पेरूमध्ये लिमा, कुस्को, इंका ट्रेलने पायी माचू पिक्चू, मग टिटिकाका सरोवर, पुढे बोलिव्हियातलं ला पाझ आणि उयुनीचं मिठाचं मैदान असा बेत होता. राहायचं हॉस्टेलात, फिरायचं रात्रीच्या बसने आणि सॅकच्या तळाशी मेतकुटाचा डबा. खर्च कमीत कमी करायचा, हा दोघांचा पहिला संयुक्त निर्णय.

कुस्को जवळजवळ ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून थोडं जास्तच. विमानातून उतरताच जावईबापूंचं डोकं ठणकायला लागलं, अन्न नकोसं झालं. विरळ हवेचा हा त्रास तिथे येणाऱ्या बऱ्याच जणांना होतो, आणि त्यावर तिथली माणसं कोकाच्या पानांचा चहा देतात. भाची दोन दिवस त्याच्या उशापासून हलली नाही. घरच्या ग्रुपवर तिचं फार कौतुक झालं. मीही केलं. तरी मनात आलं की आपल्या माणसाला जपणं ही काही परीक्षा नव्हे. ज्याच्यावर जीव जडलाय त्याच्या कपाळावर हात ठेवायला नीती लागत नाही, तो हात आपसूक जातो.

परीक्षा झाली ती पुढे, इंका ट्रेलवर. चार दिवसांची ही वाट ४० किलोमीटरहून थोडी जास्त आहे, आणि मधली सर्वांत उंच खिंड ४,२०० मीटरच्या घरात. सरकारने इथे दिवसाला पाचशे माणसांची मर्यादा घातली आहे, आणि त्या पाचशेत वाटाडे आणि सामान वाहणारे पोर्टरही धरले जातात. त्यामुळे प्रत्यक्षात पर्यटक निम्म्याहून कमीच असतात. तंबू, शेगडी, गॅस, भांडी, धान्य, सगळं पोर्टरच्या पाठीवर. ही माणसं बहुतेक डोंगराळ खेड्यांतले केचुआ बोलणारे शेतकरी. पर्यटक धापा टाकत मुक्कामी पोचतो तेव्हा हे त्याला मागे टाकून केव्हाच पोचलेले असतात, तंबू ठोकून झालेले असतात आणि सूप उकळत असतं. पूर्वी त्यांच्या पाठीवर किती लादायचं याला धरबंध नव्हता. २००१ साली पेरूने पोर्टरांसाठी कायदा केला आणि एका माणसाच्या पाठीवर जास्तीत जास्त २० किलो असं ठरवलं. वाटेच्या तोंडाशीच वजनकाटा असतो. प्रत्येक पोर्टर त्यावर ओझं ठेवतो, आकडा पाहिला जातो आणि मगच पुढे सोडतात.

आदल्या संध्याकाळी कंपनीचा माणूस हॉस्टेलवर येऊन दोघांच्या पिशव्या तोलून गेला होता. दिलेल्या मर्यादेत त्या नीट बसल्या होत्या. तो गेल्यावर जावयाने आपल्या पिशवीत कॅमेऱ्याची तिपाई, दोन पॉवर बँक आणि जाड बूट कोंबले. सकाळी काट्यावर ओझं वीस किलोच्या वर गेलं. पुढे जे झालं ते भाचीने मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा तिचा आवाज एकाच ठिकाणी अडला. पोर्टरने कुणाकडेही पाहिलं नाही. त्याने खाली बसून ओझं सोडलं आणि त्यातून स्वतःचं ब्लँकेट आणि स्वेटर काढून बाजूला ठेवला. पुन्हा वजन केलं, आकडा वीसच्या आत आला. नियम पाळला गेला.

काट्याला एवढंच कळतं. वीस किलोंत तिपाई कुणाची आणि ब्लँकेट कुणाचं हे त्याला दिसत नाही. रात्री तिथे थंडी शून्याच्या आसपास जाते. भाचीने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "अगं, पैसे भरलेत आपण."

यातलं ‘आपण’ मला महत्त्वाचं वाटतं. एकटा असता तर तो कदाचित ओशाळून गप्प बसला असता. आता त्याच्यामागे ‘आपण’ होतं, दोन जणांचा एक छोटा पक्ष, आणि पक्षाच्या वतीने बोलताना माणसाला स्वतःची लाज वाटत नाही. दुसऱ्या सदस्याकडून अपेक्षा एकच, पाठिंब्याची. आपली सगळी शिकवणही तेच सांगते. नवऱ्याला चारचौघांत बोलू नये. बायकोची बाजू सोडू नये. काय असेल ते खोलीचं दार लावून. या सल्ल्यांत शहाणपण नक्कीच आहे. बरीच भांडणं दार लावल्यावर अर्धी होतात हे मी पाहिलंय. पण हा सल्ला अशाच प्रकरणांना चालतो ज्यांत नुकसान रात्रीपर्यंत थांबायला तयार असतं. इथे नुकसान थांबणार नव्हतं. ब्लँकेट पाच मिनिटांत मागे राहणार होतं आणि संध्याकाळी तंबूत झालेल्या अतिशय समंजस चर्चेने ते परत आलं नसतं.

तिच्यापुढे आणखी एक वाट होती, आणि पुष्कळ बायका तीच धरतात. काही न बोलता तिपाई उचलून स्वतःच्या सॅकमध्ये टाकायची. पोर्टरचं ब्लँकेट वाचतं, नवऱ्याचा मान राहतो, सगळं सुरळीत. ही वाट दिसायला उदार आहे, पण मला ती पटत नाही. नवऱ्याच्या चुकीची किंमत पोर्टरऐवजी बायकोने भरली, एवढाच त्यात फरक. पहिल्याच महिन्यात हा पायंडा पडला की ती संसारभर त्याची पोर्टर होते, आणि तिथे वजनकाटा नसतो.

भाची तिथेच बोलली. मराठीत. परदेशात नवरा-बायकोला ही मोठी सोय असते, जाहीरपणे भांडूनही अब्रू शाबूत राहते. निदान तसं वाटतं. हातवारे करत पिशवीकडे, ब्लँकेटकडे आणि परत पिशवीकडे बोट दाखवणाऱ्या बाईचं भांडण कशावरून चाललंय, हे तिथल्या सगळ्या पोर्टरांना अर्थात कळलं. जावई लालबुंद झाला. मग वाकून त्याने तिपाई आणि बूट काढून घेतले. ब्लँकेट आणि स्वेटर परत ओझ्यात गेले.

जावयावर मात्र सगळं खापर फोडू नये. पिसाकच्या बाजारात लोकरीच्या टोप्यांसाठी घासाघीस केली ती भाचीनेच. तुळशीबागेत तयार झालेली मुलगी ती. अर्ध्या किमतीत टोपी मिळवली तेव्हा जावई कौतुकाने व्हिडिओ काढत होता. पक्षाचा विजय! घासाघीस मुळातच वाईट असं मी म्हणणार नाही. त्या बाजारांत अल्पाकाची म्हणून अॅक्रिलिकची लोकर सर्रास खपवली जाते, विक्रेताही काही कच्चा नसतो. पण पंचवीस रुपये वाचल्याचा आनंद आणि पंचवीस रुपयांची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमीत कमी खर्चात फिरणाऱ्यांची एक अडचण अशी की ते काटकसरीला साधेपणा समजतात. विमानाच्या तिकिटात घासाघीस करता येत नाही, व्हिसाच्या फीमध्ये नाही, ट्रेलच्या परवान्यात नाही. मग ती उरते टोपी विकणाऱ्या बाईशी, टॅक्सीवाल्याशी आणि उयुनीत पहाटे जीप काढणाऱ्या ड्रायव्हरशी. बजेट सगळं तिथेच सांभाळलं जातं.

टिटिकाकातल्या ताकिले बेटावर हा खेळ चालत नाही. तिथे विणकाम पुरुष करतात, चालता-बोलता सुया फिरत असतात. टोपी पूर्ण लाल असली की माणूस लग्न झालेला, टोक पांढरं असलं की अविवाहित. या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला. चौकातल्या सहकारी दुकानात माल सगळ्या बेटाचा आणि किंमत ठरलेली. पाहुणे उतरवायचे तेही घरांना पाळीपाळीने. भाचीने सवयीने किंमत खाली मागितली, तर दुकानातल्या माणसाने फक्त मान हलवली. जावयाने लाल टोपी घेतली, पूर्ण पैसे देऊन.

याच डोंगरांत लग्नाविषयीची एक रीत आहे, तिची मला फार असूया वाटते. केचुआ आणि आयमारा समाजांत गावकीची कामं, म्हणजे उत्सव पार पाडणं, पाण्याच्या पाळ्या पाहणं, गावाचं प्रमुखपद, ही परंपरेने जोडप्याकडे जातात, एकट्या माणसाकडे नाही. लग्न झाल्यावरच माणूस गावाच्या कामाला पुरा धरला जातो. लग्नाने दोघांना मोकळीक मिळत नाही, उलट गावाचं काम मागे लागतं. आपल्याकडेही गृहस्थाने पाच महायज्ञ करावेत असं सांगितलं होतं आणि अतिथीला जेवू घालणं हा त्यांतला एक. नव्या जोडप्याने जेजुरीला जायचं, नवऱ्याने नवरीला उचलून पायऱ्या चढायच्या, ही आपली पहिली सहल. ती आपण टिकवली, फोटो काढायला छान असते म्हणून. पाहुण्याचा यज्ञ मात्र पंचतारांकित हॉटेलातल्या रिसेप्शनमध्ये एकाच संध्याकाळी उरकून टाकला.

ट्रेलच्या शेवटच्या संध्याकाळी पर्यटक वर्गणी काढून पोर्टरांना टिप देतात. गटात किती द्यायचे यावर बरीच चर्चा झाली, आणि भाची सांगते की सर्वांत मोठा आकडा जावयाने सुचवला. ती याला पश्चात्ताप म्हणते. तो म्हणतो, दोन दिवस ती तिपाई खिंडीवरून वाहिल्यावर त्याला दर कळला.

परत आल्यावर घरी फोटो पाहणं झालं. ४,२०० मीटरवरच्या फोटोत जावई अर्धमेला उभा आणि सॅकला बांधलेली तिपाई त्याच्या डोक्याच्या वर गेलेली. विहीणबाईंनी फोटो मोठा करून पाहिला आणि सुनेला विचारलं, "अगं, त्याची तब्येत बरी नव्हती ना? मग थोडं तू नाही का घ्यायचंस?" भाची काही बोलायच्या आत तो म्हणाला, "आई, ते माझंच होतं."