सहाशे एक

गेल्या दिवाळीआधी माझा रूममेट आठ दिवसांसाठी गावी गेला आणि जाताना त्याचा साप माझ्या हवाली करून गेला. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरची आमची खोली. कोपऱ्यात काचेची पेटी, तिच्यात बॉल पायथन. हा पश्चिम आफ्रिकेकडचा छोटा अजगर, बिनविषारी, घाबरला की चेंडूसारखा गोळा होणारा. नाव शेरू. गॅलरीत प्लास्टिकच्या टपांत पांढरे उंदीर. त्यांना नावं नव्हती. ‘गुरुवारी एक सोड,’ एवढंच मित्राने सांगितलं.

मी मूळचा डोणगावचा. मेहकर तालुका, बुलढाणा जिल्हा. उंदीर मरणं मला नवीन नाही. घरात सोयाबीनची पोती लागली की बाबा पिठाच्या गोळीत औषध घालून कोपऱ्यात ठेवायचे आणि सकाळी मेलेले उंदीर शेपटीला धरून उकिरड्यावर टाकायचं काम माझ्याकडे असायचं. त्यावर मी कधी जेवण सोडलेलं नाही.

तरी गुरुवारी माझा हात थांबला. टपाचं झाकण उघडलं तर सगळे उंदीर वर धावत आले. त्यांना वाटलं, खायला आलं. एक तर माझ्या बोटावर मिशा फिरवून हुंगू लागला. पलीकडच्या टपात एक मादी नुकतीच व्यायली होती. अंगावर केस नसलेली, डोळे मिटलेली गुलाबी पिल्लं तिने पोटाखाली घेतली होती. मी झाकण लावून टाकलं. मोठा बॉल पायथन काही आठवडे सहज उपाशी राहू शकतो, हे मी वाचलं होतं. म्हणजे पळवाट तयार होती.

रविवारी मित्र आला, हसला आणि दोन मिनिटांत काम उरकलं. मी तेव्हा गॅलरीत उभा होतो. माझे हात स्वच्छ राहिले, पण उंदीर वाचला नाही. त्याला तीन दिवस जास्त मिळाले, तेही त्याच टपात. माझी दया नेमकी कोणाच्या कामी आली?

मित्र म्हणतो, ‘अरे, साप उंदीर खातो. निसर्गच आहे तो.’ पहिलं वाक्य खरं आहे. सापाला गवत खाऊ घालता येत नाही आणि शेरूची भूक उंदराच्या जिवाइतकीच खरी आहे. दुसरं वाक्य मात्र मला पटलं नव्हतं. का, ते सांगता येत नव्हतं.

ते दिवाळीत बाबांनी सांगितलं. आमच्या गोठ्याकडे दरवर्षी धामण येते. बाबा तिला मारू देत नाहीत, कारण ती उंदीर खाते. शेरूची गोष्ट ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘धामणीले उंदीर सापडते, नाहीतं सुटते. तुह्या त्या डब्यात कोणाले सुटाले जागा हाय?’

खरंच, कोणालाच नाही. उंदराला पळता येत नाही, सापाला दुसरीकडे जाता येत नाही. गोठ्यात दोघांच्या मध्ये नशीब असतं, चपळाई असते, अंधार असतो. आमच्या खोलीत दोघांच्या मध्ये माणूस आहे. कधी जन्म व्हायचा, कोणी कोणत्या वारी मरायचं, हे तो ठरवतो. मग निसर्गाकडे बोट कसं दाखवायचं?

मी मोबाइलवर हिशोब केला. पाळलेला बॉल पायथन वीस वर्षं सहज जगतो. बारा दिवसांना एक उंदीर धरला तर वर्षाला तीस आणि वीस वर्षांत सहाशे. मित्र सांगतो, ‘माझ्याकडे एक पेट आहे.’ खरं तर सहाशे एक जीव आहेत. नाव एकाला आहे.

लहानपणी ऐकलेली शिबी राजाची गोष्ट आठवा. कबूतर जीव वाचवायला त्याच्याकडे आलं. ससाणा म्हणाला, माझ्या भुकेचं काय? राजाने ससाण्याला दुष्ट ठरवलं नाही. तराजू मागवला आणि स्वतःचं मांस कापून पारड्यात टाकलं. आपल्याला कोणी मांडी कापायला सांगत नाही. पण माझ्या हौसेची किंमत कोण चुकवतंय, हा त्या गोष्टीतला प्रश्न टळत नाही.

किंमत कशासाठी, हेही बघावं लागतं. सर्पदंशावरच्या प्रतिविषाची ताकद मोजायला पांढरे उंदीरच वापरतात आणि तेही मरतात. आमच्या भागात रात्री वावरात पाणी द्यायला जाणारा माणूस त्या इंजेक्शनवर जगतो. तिथेही मरण मरणच आहे, पण तिथे विचारलं तर उत्तर देता येतं. ‘मला साप आवडतो’ हे उत्तर त्याच्या शेजारी ठेवून पाहा.

कायद्यालाही हा फरक थोडा कळतो. देशी साप घरात पाळायला १९७२ चा वन्यजीव कायदा परवानगी देत नाही. बॉल पायथनसारख्या परदेशी सापाची सरकारकडे नोंद करावी लागते. टपातल्या उंदरांची नोंद कोणी मागत नाही. मात्र केवळ करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य म्हणून कोंडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. जिवंत उंदीर सोडून रील काढणाऱ्यांनी हे वाचावं. २०११ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या प्रयोगात उंदरांनी समोर चॉकलेट असतानाही कोंडलेल्या सोबत्याचं दार उघडलं होतं. टपात एक उचलला जातो तेव्हा बाकीच्यांना काहीच कळत नसेल, असं आता मला म्हणवत नाही.

मग शेरूचं काय? त्याला इथल्या रानात सोडता येत नाही, ते इथल्या जिवांवर आणि त्याच्यावरही अन्याय होईल. उपाशी ठेवणं ही दया नव्हे. तो आला आहे, तर शेवटपर्यंत त्याला खाऊ घालावं लागेल. आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. जिवंत उंदीर सोडायचा नाही. त्याला आधी, कमीत कमी त्रासात मरण द्यायचं. जिवंत उंदीर सापालाही चावून जखमी करतो, तेही टळतं. आणि टप मोठे घ्यायचे, भुसा वेळेवर बदलायचा. सोमवारचा भुसा माझ्याकडे आहे.

मागच्या महिन्यात मित्र दुसरा साप घेणार होता. फोटोही दाखवला, सुंदर होता. मी फक्त विचारलं, ‘आणखी सहाशे?’

त्याने फोटो बंद केला. अजून घेतलेला नाही.