विसंवादाला दोन सूर लागतात

नवरा-बायकोत विसंवाद आहे, असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा त्यांचे बोलणे खुंटले आहे, असे सुचवायचे असते. सरकार आणि आंदोलक यांच्यातला विसंवाद म्हणजे चर्चा न होणे. संवाद म्हणजे बोलणे, म्हणून विसंवाद म्हणजे अबोला, असे हे समीकरण आहे. माझ्या मते त्यात शब्दाचा मोलाचा अर्थ गळून पडतो. ‘वद्’ला ‘सम्’ जोडला की एकत्र बोलणे आणि त्यातूनच जुळणे, हा अर्थ येतो. मागे ‘वि’ लागला की मोडते ते जुळणे. बोलणे चालूच असते.

संगीतात हे कानाने पडताळता येते. भरताच्या नाट्यशास्त्रात 9 किंवा 13 श्रुतींच्या अंतरावरचे स्वर संवादी, तर ऋषभ-गांधारासारखे दोन श्रुतींवरचे विवादी मानले आहेत. म्हणजे संवाद किंवा विवाद हा एकट्या स्वराचा गुण नव्हेच. तो दोघांमधल्या अंतराचा आहे. तानपुऱ्याच्या जोडाच्या तारांपैकी एक सेकंदाला 130 आणि दुसरी 132 वेळा कंप पावत असेल, तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. एकेकटी छेडली तर कोणतीच तार खटकत नाही. जुळवणारा तो हेलकावा ऐकत मणी सरकवतो आणि हेलकावा मंदावत नाहीसा होतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1863च्या ग्रंथात स्वरांच्या कर्कशपणाची उपपत्ती अशाच, पण फार जलद हेलकाव्यांवरून मांडली. तार किती हलवायची, हे जुळवणाऱ्याला तो हेलकावाच सांगतो.

विचारांच्या प्रांतातही विसंवाद हा शब्द जुना आहे. सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तत्त्वज्ञाने अविसंवादी ज्ञानालाच प्रमाण म्हटले. मृगजळाकडे धावणाऱ्याची तहान भागत नाही. ज्ञान आणि अनुभव यांचे तिथे जुळत नाही, आणि ते जुळत नाही म्हणूनच भ्रम उघडा पडतो. मात्र माणूस हे न जुळणे फार वेळ सोसत नाही. 1959 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना कंटाळवाणे काम दिले आणि ते मजेचे होते, असे पुढच्या व्यक्तीला सांगायला लावले. त्यासाठी 20 डॉलर मिळालेल्यांना खोटे बोलायला कारण होते. एकच डॉलर मिळालेल्यांना नव्हते, आणि काम खरेच बरे होते, असे मत त्यांनीच अधिक दिले. सूर जुळला, पण खोट्यावर.

शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, व्युत्पत्तीने नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो मला मान्य आहे. संवादाचा ‘संभाषण’ हा अर्थही काही कालचा नाही. गीतेच्या प्रत्येक अध्यायाची समाप्ती श्रीकृष्णार्जुनसंवादाच्या उल्लेखाने होते. माझा आग्रह शुद्धतेचा नाही. दोन गोष्टी डोळ्यांसमोर असूनही एकमेकींशी जुळत नाहीत, या अवस्थेला आपल्याकडे नेमके नाव आहे आणि तेच आपण अबोल्यावर खर्च करतो. मग उपायही चुकतो. टँकरच्या नोंदवहीत पाच फेऱ्या आणि वस्तीवर हंडे कोरडे, अशी स्थिती असताना ‘प्रशासन आणि ग्रामस्थांत विसंवाद’ म्हणून आणखी एक बैठक बोलावली जाते. विसंवाद आहे तो नोंदवही आणि हंडा यांच्यात, आणि तो बैठकीत कितीही बोलले तरी मिटत नाही.