टाके जातात कुठे?

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. घरी सोडताना तिने डॉक्टरांना विचारलं, "टाके काढायला कधी येऊ?" ते म्हणाले, "यायला नको, काकू. विरघळणारे आहेत." रिक्षात बसल्यावर ती मला म्हणाली, "विरघळतात ते ठीक, पण जातात कुठे?"

तिचा प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला.

पूर्वी असा धागा मेंढीच्या नाहीतर गुराच्या आतड्यापासून करत. शरीर तो पचवून टाकी, पण किती दिवसांत, याचा नेम नसे. 1970च्या दशकात घडवलेल्या पॉलिमरचे धागे आले. आज सर्रास वापरला जाणारा धागा दोन आम्लांच्या लांबच लांब साखळ्यांचा असतो. नव्वद टक्के ग्लायकोलिक, दहा टक्के लॅक्टिक. पहिलं उसाच्या रसात सापडतं, दुसरं दह्यात. शरीरातलं पाणी या साखळीची एकेक कडी सोडवत जातं. सुटलेली आम्लं शरीराच्या ओळखीची. लॅक्टिक आम्ल तर धावताना आपले स्नायूच तयार करतात. त्यांचं शेवटी बरंचसं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. म्हणजे आईच्या टाक्यांचा काही भाग तिच्या श्वासावाटे बाहेर पडणार आहे.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो या जाण्याचा क्रम. धागा पुरता नाहीसा व्हायला 56 ते 70 दिवस लागतात, पण बळ तो फार आधीच सोडू लागतो. दोन आठवड्यांनी तीन चतुर्थांश उरतं, तिसऱ्याला निम्मं, चौथ्याला पाव. तेवढ्यात जखम जोर धरत जाते. स्लॅबखालचं सेंटरिंग एका दिवसात निघतं. हा धागा ओझं थोडं थोडं सोपवत जातो.

हेच गुपित औषधालाही लावलं गेलं. मेंदूतली गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत औषध भरलेल्या, जेमतेम दीड सेंटीमीटरच्या चकत्या ठेवतात. साबणाच्या वडीसारख्या त्या बाहेरून झिजतात आणि औषध जिथे हवं तिथेच झिरपत राहतं. अमेरिकेत 1996 मध्ये त्यांना मान्यता मिळाली.

सगळंच इतकं सरळ जमलं नाही. हृदयाच्या धमनीत विरघळणाऱ्या स्टेंटला 2016 मध्ये तिथेच मान्यता मिळाली आणि 2017 मध्ये त्याची विक्री थांबवावी लागली. धातूच्या स्टेंटपेक्षा त्यात रक्ताच्या गुठळ्या जास्त होत होत्या. धमनीतून निरोप घेणं त्वचेपेक्षा फार अवघड. त्यावर काम करणाऱ्यांनी हात टेकले नाहीत, याचं मला मनापासून समाधान आहे.

आज एकविसावा दिवस. धाग्याचं निम्मं बळ गेलं असेल. सकाळी आई खुर्चीतून उठली, तेव्हा पहिल्यांदाच तिने पोटावर हात धरला नाही.