वारेतला तुझा वाटा

चि. भाचेराव,


सूनबाईंना पाचवा महिना लागल्याचं कळलं, फार आनंद झाला. तुझ्या मेसेजमधलं शेवटचं वाक्य मात्र मला रुचलं नाही. म्हणे, "मावशी, तूच सांग तिला, टेन्शन घेऊ नकोस म्हणून." मी सांगणार नाही. सगळी नोकरी प्रसूतिकक्षात गेली, पण या वाक्यानं एकीचंही टेन्शन उतरलेलं मी पाहिलं नाही. उलट आहे त्या काळजीत आणखी एक भर पडते: 'माझ्या काळजीमुळे बाळाला काही झालं तर?' म्हणून हे पत्र तिला नाही, तुला लिहितेय. कारण कळल्याशिवाय तुला काही पटत नाही हे लहानपणापासून ठाऊक आहे, तेव्हा आधी कारण सांगते आणि मग कामं.

बाळ जन्मल्यावर थोड्या वेळानं वार पडते. आम्ही ती ट्रेमध्ये पसरून तपासायचो, एखादा तुकडा आत राहिला नाही ना ते बघायचो. वीतभर रुंद, साधारण अर्धा किलो वजनाची. दिसायला काही देखणी नसते, पण नऊ महिने बाळाच्या फुप्फुसांचं, मूत्रपिंडांचं आणि आतड्यांचं काम तिनंच केलेलं असतं. पुष्कळांना वाटतं की वार आईची. खरं तर ती गर्भाच्याच पेशींतून घडते, त्यामुळे तिच्यातली अर्धी जनुकं बापाकडून आलेली असतात. म्हणजे तुझ्याकडून. तिच्या एका अंगाला आईचं रक्त, दुसऱ्या अंगाला बाळाचं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, मधल्या पातळ पडद्यातून देवाणघेवाण चालते. दिवस भरत येतात तेव्हा आईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जात असतं.

आता ताणाकडे येते. ताण आला की शरीर कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतं. ते विष नव्हे. निरोगी गरोदर बाईतही त्याची पातळी दुपटी-तिपटीनं वाढते, आणि शेवटच्या आठवड्यांत बाळाची फुप्फुसं तयार व्हायला तेच लागतं. प्रश्न असतो वेळेचा आणि मात्रेचा. 'वाढ पुरे, आता तयारीला लागा' हा कॉर्टिसॉलचा हुकूम अवयवांपर्यंत फार लवकर पोचला, तर वाढीला फटका बसतो. म्हणून वारेत एक विकर पहारा देत असतं. त्याचं नाव अवघड आहे: ११-बीटा-एचएसडी-२. आईकडून आलेल्या कॉर्टिसॉलचा मोठा भाग ते निष्क्रिय करून टाकतं. दोन घरांत निरोप नेणारी शहाणी बाई कडू शब्द वाटेतच गिळते आणि उरलेलं तेवढं पोचवते, तसं. त्यामुळे बाळाच्या रक्तात कॉर्टिसॉल आईपेक्षा कितीतरी कमी असतं. एखाद्या दिवशीची चिडचिड, ऑफिसातली धावपळ, तुमचं किरकोळ भांडण यांनी घाबरून जायचं कारण नाही.

दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आम्ही कॉर्टिसॉलसारख्याच डेक्सामेथासोनची इंजेक्शनं द्यायचो. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि होवी या डॉक्टरांनी अशा औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि तेव्हापासून किती अपुऱ्या दिवसांची बाळं वाचली असतील! हे औषध वारेतून पलीकडे पोचतं, कारण ते विकर त्याला नीट अडवू शकत नाही. बाळाच्या भल्यासाठी पहारा चुकवण्याचाच हा प्रकार.

हा पहारा रोजच्या, महिनोन्‌महिन्यांच्या ताणात मात्र ढिला पडत असावा. लंडनमध्ये संशोधकांनी ठरलेल्या सिझेरियनच्या आदल्या दिवशी ५६ बायकांची चिंता मोजली आणि नंतर त्यांच्या वारा तपासल्या. ज्यांची चिंता जास्त, त्यांच्या वारेत हे विकर कमी आढळलं. २०१२ मधला हा अभ्यास. त्याआधी १९९९ मध्ये, फार चिंतेत असलेल्या गरोदर बायकांच्या गर्भाशयाच्या धमन्यांत रक्ताला होणारा अडथळा जास्त असल्याचं दिसलं होतं. शिवाय वार स्वतः सीआरएच नावाचं संप्रेरक बनवते. मेंदूत कॉर्टिसॉल वाढलं की सीआरएच कमी होतं, वारेत उलट वाढतं. आणि त्याची वाढ लवकर सुरू होणाऱ्या कळांशी जोडली गेली आहे. हे सगळे संबंध आहेत, कुणाच्या बाळाचं भविष्य नव्हे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कॅनडातल्या एका वादळानं. जानेवारी १९९८ मध्ये क्वेबेक प्रांतात गारठलेला पाऊस पडून तारांवर बर्फाचे थर चढले, खांब कोसळले आणि तीसएक लाख माणसं अंधारात गेली. काहींच्या घरी वीज परत यायला महिन्याहून अधिक काळ लागला. मॉन्ट्रियलच्या सुझान किंग यांनी त्या वेळी गरोदर असलेल्या बायकांना गाठून दोन वेगवेगळ्या गोष्टी विचारल्या: प्रत्यक्ष हाल किती झाले, आणि मनाला त्रास किती झाला. कोणाची वीज किती दिवस जाईल हे वादळानं ठरवलं होतं, बाईच्या स्वभावानं नाही, म्हणून या अभ्यासाला मोल आहे. ज्यांच्या आयांचे हाल जास्त झाले ती मुलं दोन वर्षांची असताना भाषेत काहीशी मागे दिसली. तेरा वर्षांच्या वयात ३६ मुलांच्या रक्तपेशी तपासल्या, तेव्हा जनुकांवरच्या रासायनिक खुणांचा संबंध प्रत्यक्ष हालांशी लागला, आई किती घाबरली होती याच्याशी नाही. बाकी काही बाबतींत मनाच्या त्रासाचाही संबंध दिसतो आणि ३६ मुलं हा आकडा लहानच. पण घरच्या माणसांसाठी बोध स्पष्ट आहे. बाईला शांत राहायला सांगण्याआधी तिचे हाल कमी करा.

आपल्याकडचंही ऐक. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. याच अभ्यासात बायकांच्या कामाचीही नोंद झाली: शेतातली मजुरी, विहिरीचं पाणी, धुणं. ज्या बायका जास्त राबत होत्या त्यांची बाळं लहान निघाली, डोक्याचा घेरही कमी. खाणंपिणं आणि वजन यांचा हिशेब धरूनही हा फरक उरला. त्या बायकांना कुणी 'टेन्शन घेऊ नकोस' म्हटलं असतं तर त्यांच्या डोक्यावरचा हंडा हलका झाला नसता.

तर आता तुझी कामं. पहाटे पाणी येतं तेव्हा तू ऊठ, तिला झोपू दे. किराणा, सिलिंडर, बँक, तुझ्या आईची औषधं हे सगळं तुझ्या डोक्यात राहू दे. तिनं आठवण करून द्यावी लागली तर ते काम तिचंच राहिलं असं समज. दर तपासणीला बरोबर जा, आणि जमेल तितकं डॉक्टर-सिस्टर एकच ठेव. ब्रिस्बेनच्या २०११ च्या पुरात गरोदर असलेल्या ज्या बायकांना शेवटपर्यंत ओळखीची एकच सुईण मिळाली, त्यांची मनं बाळंतपणानंतर जास्त सावरलेली दिसली. गर्भसंस्काराची गाणी लावायची तर लाव, पण भांडी घासून झाल्यावर.

खोकल्यावर ज्येष्ठमधाचा काढा रोज देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. त्यातलं ग्लिसिरायझिन वारेतलं तेच विकर रोखतं. फिनलंडमध्ये ज्यांच्या आयांनी गरोदरपणी ज्येष्ठमधाच्या गोळ्या भरपूर खाल्ल्या होत्या, ती मुलं बाराव्या-तेराव्या वर्षी बुद्धीच्या चाचण्यांत मागे दिसली. तिथल्या सरकारी सल्ल्यात गरोदर बायकांसाठी ज्येष्ठमध आता वर्ज्य पदार्थांत आहे. आधी कधी चिमूटभर घेतलं असेल तर त्याचा घोर लावून घेऊ नका.

आणि एक गंभीर गोष्ट. दोन आठवड्यांहून अधिक काळ तिला झोप नसेल, कशात मन लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर ते 'डोहाळे' म्हणून सोडून देऊ नकोस. तो आजार असू शकतो आणि त्यावर गरोदरपणातही उपचार होतात. डॉक्टरांना स्पष्ट सांग. अडीअडचणीला टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. चालू असलेली गोळी मात्र मनानं बंद करू नका.

डोहाळजेवणाला मी येणार आहे. झोपाळा कसा सजवलाय ते नंतर बघेन, आधी घरात पाणी कोण भरतं ते बघेन.

तुझी,
मावशी